विहीणबाई, लस टोचली का?

परभणी
४ ऑगस्ट २०२४

सौ. कोकिळाबाई यांस,
स. न.

आपण दोघी बोलत नाही. लग्नाच्या पंगतीत तुम्ही भरल्या मांडवात म्हणालात, "ही सोयरीक हाय का सुतक? वरणाला फोडणी बी न्हाई!" आणि मी म्हणाले, "आधी शुद्ध बोलायला शिका." त्याला आता अडीच वर्षं होतील. तो अबोला मला मोडायचा नाही, म्हणून लिहिते आहे. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असं निवृत्त मुख्याध्यापिका या नात्यानं मी ठरवलं आहे.

कारण असं. प्राचीला बाळंतपणासाठी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे, हे तुमच्या प्रीतमनं तुम्हाला कळवलंच असेल. तिचा रक्तदाब वरखाली होतो म्हणून तिथल्या डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली आहे. म्हणजे लेकीनं माहेरी यायचं नाही, माहेरानं युगांडाला जायचं. प्रीतमच्या साखर कारखान्याची वसाहत शहरापासून लांब, घर दोन खोल्यांचं, आणि कारखाना एकाच आईचं तिकीट देणार. प्राची म्हणते, "तुम्ही दोघी बोलून ठरवा." आपण बोलत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. हा वात्रटपणा तिनं कुणाकडून उचलला, यावर मी लिहीत नाही.

ठरवण्यासारखं काही नाहीच. पहिलं बाळंतपण आईकडचं. शिवाय त्या देशात शिरायला पिवळ्या ज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो. ती परभणीत मिळत नाही, मुंबई गाठावी लागते. पुन्हा टायफॉइडची लस, मलेरियाच्या गोळ्या, चालू असलेल्या प्रत्येक औषधाची डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी, आणि हे सगळं इंग्रजीत. हा व्याप तुम्हाला झेपणार नाही. तरी तुम्ही निश्चिंत असावं.

शेवटी 'लोभ असावा' लिहायची पद्धत आहे. तो नाहीच, तेव्हा असावा कशाला?

सुमंगला


गंगाखेड
१० ऑगस्ट

इहीनबाईस्नी कोकिळाचा रामराम.

पत्र मिळालं. अक्षर लय देखनं तुमचं. मी चवथी शिकलेली, माझं वेडंवाकडं गोड मानून घ्या. बोलायचं बंद हाय तर बंदच. पन भांडायचं बंद असं कुनी ठरवलं न्हाई.

झेपनार न्हाई म्हनता. बाई, मी वीस हंगाम ऊस तोडलाय. दसरा झाला की बैलगाडीत संसार घालायचा, सहा म्हैने परमुलूख. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायचं, ते झेपलं. प्रीतम माझा उसाच्या फडातच झाला. डाक्टर न्हाई, नर्स न्हाई. चार बायांनी भवतीनं लुगडी धरली आन झाला. सुईचं भ्याव मला कामून घालता? म्हशीला सुई मारताना तिची मुंडी मीच धरते.

आन एक. मी जलमभर ऊस तोडला, पन त्याची साखर कशी होती ते कधी बघितलं न्हाई. गाडी वजनाच्या काट्यावर गेली की आमी माघारी फिरायचो. आता पोरगाच तिथं केमिस्ट हाय. म्हनतो, आई ये, तुला कारखाना आतून दाखवतो. पहिलं बाळंतपन आईचं, मान्य. पन पोरीला तिथं आई पाहिजे का बाळंतपन कळनारी बाई पाहिजे?

तवा असं करू. तुमी बी लस घ्या, मी बी घेते. जिच्या हातात दाखला पहिला, तिचं तिकीट.

लोभ आमच्याकडं हाय, पोतंभर. पन बिनफोडनीच्या वरनासंगं वाढनार न्हाई.

कोकिळा


परभणी
१९ ऑगस्ट

सौ. कोकिळाबाई यांस,

अट मान्य.

मी डॉ. नागसेन यांच्याकडे जाऊन आले. नववीत माझ्या हातून त्यांनी विभक्ती प्रत्ययांवरून भरपूर बोलणी खाल्ली होती. आता तेच मला "मॅडम, तोंड उघडा" म्हणतात, आणि मला उघडावं लागतं. काळ असा सूड घेतो.

त्यांनी सांगितलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे, आणि स्पर्धा असली तरी मी लबाडी करणार नाही. ही लस जिवंत विषाणूची असते, त्यामुळे ती घेण्याआधी काय काय औषधं चालू आहेत ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे. तुमच्या सगळ्या औषधांची नावं मला लिहून पाठवा. मी इंग्रजीत यादी करून नागसेनांना दाखवते. काहीही लपवू नका. आणि गोळ्या पाकिटातून काढून एका डब्यात भरण्याची तुमची सवय प्राचीनं मला सांगितली आहे. विमानतळावर असा डबा उघडला तर तुम्हाला युगांडाच्या आधी पोलीस ठाणं बघायला मिळेल.

माझ्याकडून लशीला थोडा उशीर होतो आहे. तिच्या घटकांविषयी मला काही तात्त्विक शंका आहेत. त्यांचा तपशील तुम्हाला कळायची गरज नाही.

सुमंगला


गंगाखेड
२६ ऑगस्ट

इहीनबाई,

तात्त्विक शंका मला कळली. परवा प्राचीचा फोन आलता. ती लस कोंबडीच्या अंड्यात वाढवत्यात म्हनं! लय हसले मी. म्हशीनं वळून बघितलं. आता कसं वो तुमचं? दंडात अंडं गेलं तर याहीबुवा पुन्हा देवघरात घेतेत का न्हाई? तुमच्या निवृत्तीला शाळेनं केक आनलता, त्येचा फोटू पोरीनं दाखवलता मला. तुमच्या गालाला पांढरं लागलेलं हाय. त्यो केक काय तुळशीच्या पानाचा हुता?

असो. माझी औषधं मोजकीच. बीपीची एक गोळी, सरकारी दवाखान्यातली, पाकीट संगं जोडलंय. पोटात जळजळलं की गुलाबी औषध. आन गुडघ्याची पुडी. सोनपेठच्या बाजारात एक जन झाडाखाली बसतो, जडीबुटीवाला. चार वर्सं झाली घ्यायलेय. आधी मला पायरी चढू वाटत न्हवती. आता पुडी खाल्ली की म्हशीच्या म्होरं पळते. अंगाला बी मानवलीय. तोंड पुनवेच्या चांदावानी गोल झालंय. बाया म्हनत्यात, पोरगा परदेशात गेला आन कोकिळाला साय चढली. त्या पुडीला इंग्रजीत काय म्हनायचं ते तुमीच बघा. एक पुडी पाकिटात घातलीय.

आमच्या मालकानं मुंबईची तारीख घेतली. पंधरा सप्टेंबरच्या आत माझ्या हातात दाखला.

कोकिळा


परभणी
२९ ऑगस्ट (स्पीड पोस्ट)

कोकिळाबाई,

अबोला बाजूला ठेवून मी तुम्हाला तीनदा फोन केला. तुम्ही उचलला नाहीत. प्राचीकरवी निरोप देऊन तिचा रक्तदाब वाढवायचा नाही, म्हणून हे पत्र. नीट वाचा.

तुमची पुडी मी नागसेनांना दाखवली. गोल झालेल्या चेहऱ्याचं आणि चार वर्षांचं सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच. त्या पुडीत जडीबुटीच्या नावाखाली स्टिरॉइड कालवलेलं असणार, अशी त्यांना दाट शंका आहे. पुडी तपासायला पाठवली आहे. तसं असेल तर अंगात रोगाशी लढायची ताकद उरत नाही, आणि जिवंत विषाणूची लस अशा माणसाला घातक ठरू शकते.

म्हणून दोन गोष्टी. लस घेऊ नका. आणि पुडी एकदम बंदही करू नका. शरीराला तिची सवय झालेली असते, अचानक तोडली तर माणूस कोसळतो. डॉक्टर हळूहळू कमी करतील. सोमवारी परभणीला या. मी एसटी स्टँडवर घ्यायला येते.

हे मी तिकिटासाठी लिहीत नाही.

सुमंगला


गंगाखेड
३ सप्टेंबर

इहीनबाई,

फोन वाजत हुता. नाव बघितलं, उचलला न्हाई. बोलायचं बंद हाय.

लय हुशार हाव तुमी. अंड्यानं तुमची गाडी अडली, मग माझी बी अडवायची? माझी पुडी वाईट, माझं तोंड वाईट, माझी भाषा तर आधीच वाईट. आन "तिकिटासाठी लिहीत नाही" हे वाक्य कोन लिहितं? जो तिकिटासाठी लिहितो तोच. शाळेत पोरांच्या चोऱ्या अशाच धरत हुतात ना?

मी तुमच्या नागसेनाकडं यायची न्हाई. पन पुडीबिगर कोकिळा चालती का न्हाई ते तुमाला दाखवते. सगळ्या पुड्या परवाच गोदावरीत सोडल्या. काल जरा मळमळलं, चक्कर आली. ऊन हाय. लस मी घेनारच.

कोकिळा


गंगाखेड
२१ सप्टेंबर

इहीनबाईस्नी,

काल घरी आले. आज हातात पेन धरवलं म्हनून लिहायलेय.

मला सगळं आठवत न्हाई. मी वसरीत पडलेली, उलट्या थांबंनात, हातापायात जीव न्हाई. मालक म्हनले बाहेरचं काही लागलं, लिंबू आनायला गेले. त्यांचं नाव लिंबाजी, लिंबाच्या म्होरं त्यांची अक्कल जात न्हाई. तेवढ्यात तुमी दारात. माझं पत्र वाचलं आन तशाच एसटीत बसून आलात, एका पायात घरची चप्पल, एका पायात भारीतली.

तुमी म्हनलात, "उठा, विहीणबाई."

मी म्हनलं, "बोलायचं बंद हाय."

तुमी म्हनलात, "मग न बोलता उठा!"

अडीच वर्सांतलं आपलं पहिलं बोलनं हे एवढंच, आन त्यातच जीव वाचला. जीपवाला म्हनला, भरल्याबिगर निघत न्हाई. तुमी त्याला काय म्हनलात ते कळलं न्हाई, लय शुद्ध हुतं, पन त्यो निघाला. डाक्टर म्हनले, आनखी एक दिवस गेला असता तर कोकिळाबाईचा फोटू भिताडावर असता. पुडीचा कागद बी आला. त्यात जडी न्हाई का बुटी न्हाई. नुसतं ते इस्टिराईड.

दवाखान्यात पाच दिवस तुमी माझ्या उशाला बसलात. नर्सच्या तक्त्यावरलं शुद्धलेखन दुरुस्त केलंत, ती पोरगी तुमाला बघून पळायची. मेतकूट-भात चारला. त्याला बी फोडनी न्हवती. पन खाल्ला.

नागसेन म्हनतो, आता गोळी देऊन हळूहळू सोडवायचं, संक्रांतीपतुर. सुटल्यावर बी म्हैनाभर लस न्हाई. म्हंजे माझं संपलं. तिकीट तुमचं.

मी वाईटवंगाळ लिहिलं, ते खोडून टाका. खोडायला तुमाला आवडतं.

कोकिळा


परभणी
६ ऑक्टोबर

प्रिय विहीणबाई,

लस घेतली. मुंबईला रांगेत वीस माणसं होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "अंडं चालतं का?" मी म्हटलं, आमच्यात खात नाहीत. त्या म्हणाल्या, "खाता का ते नाही विचारत. कधी पोटात गेलंय का, आणि गेल्यावर अंगावर काही उठलं का?" लपवू नका, असं मी तुम्हाला बजावलं होतं. मग मीच कसं लपवू? म्हटलं, "निवृत्तीच्या दिवशी केक खाल्ला. दोन तुकडे. माहीत असून. काही उठलं नाही." मागून आमचे हे म्हणाले, "दोन?" रांग हसली. टोचून झालं. दाखल्याचं पिवळं पुस्तक मिळालं. यांनी देवघरात घ्यायचं की नाही यावर दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी नैवेद्य मलाच करायला सांगितला.

आता जे सांगते ते कुणाला सांगू नका. नागसेन पुडी बघून म्हणाले, "यांना लस देता येणार नाही," तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो "बरं झालं" असा. किती वेळ टिकला? ते पुढचं वाक्य बोलेपर्यंत. पण आला. तुम्ही पत्रात माझ्यावर संशय घेतलात तेव्हा म्हणूनच मला राग आला नाही, घाम फुटला. तशीच धावत स्टँडवर गेले.

आणि दुसरं. मला रक्त बघवत नाही. शाळेत पोराचा गुडघा फुटला तरी मी शिपायाला हाक मारायची. प्राचीच्या वेळी माझं ऑपरेशन झालं, मला काहीच कळलं नाही. कळा म्हणजे काय, हे मला वाचून माहीत आहे. आता त्या परक्या गावात मी लेकीजवळ उभी राहणार आणि बहुधा आधी मीच पडणार. तुम्ही खरं विचारलं होतं, पोरीला आई पाहिजे की कळणारी बाई पाहिजे.

काय करायचं ते मला लिहून द्या. तुम्ही बोलता तसंच लिहा. मी एक अक्षरही दुरुस्त करणार नाही.

तुमची
सुमंगला


गंगाखेड
१५ ऑक्टोबर

इहीनबाई,

औषधं सगळी पाकिटातच ठेवा, चिठ्ठ्या संगं ठेवा, आन ती पेटी हातात धरा, खाली सामानात टाकू नका. हे तुमीच मला दवाखान्यात धा येळा सांगितलंय, म्हनून आता तुमाला सांगते. मलेरियाची गोळी रोजच्या रोज घ्या. मच्छराला शुद्ध भाषेचं भ्याव नसतं.

आता बाळंतपनाचं. सुया, टाके, बीपी हे डाक्टर बघंल. त्याच्या कामात तोंड घालू नका, तक्ता वाचू नका. तुमचं काम एकच, पोरीचा हात धरायचा. डोळ्याम्होरं अंधारी आली तर खाली बसा, इज्जत जात न्हाई. पन बसताना हात सोडायचा न्हाई. मी फडात हुते तवा गीताबाई नावाच्या मुकादमाच्या बायकोनं माझा हात धरलता. तिला बी काही येत न्हवतं. तिनं फकस्त सोडला न्हाई. चार बाया लुगडी धरून उभ्या हुत्या त्या मला आठवत न्हाईत, तिचा हात आठवतो. कडक, उसाच्या पात्यानं चिरलेला.

आन पोरीला सांगा, कळ आली की देवाचं नाव घेऊ नको, शिव्या दे. देवाला ऐकून सवय झालीय, त्यो हलत न्हाई. नवऱ्याला दे. मी प्रीतमच्या बापाला अशा दिल्या की बैल बुजले. तुमच्या पोरीला येत नसतील, मुख्याध्यापिकेची लेक. म्हनून खाली पाच लिहून दिल्यात. सोप्यापासून अवघडापतुर.

(ह्यो कागद विमानतळावर दाखवू नका.)

कोकिळा


युगांडा, कारखाना वसाहत
१८ डिसेंबर

प्रिय विहीणबाई,

फोनवर बातमी तुम्हाला मिळाली, पण फोनवर प्रीतम शेजारी होता, त्यामुळे खरं सांगता आलं नाही. हे लिहून प्राचीच्या फोनवरून फोटो पाठवते आहे. टपालात टाकलं तर पत्राआधी नात चालत येईल.

शनिवारी सकाळी सहाला कळा सुरू झाल्या. रक्तदाब चढला. डॉक्टर दोनदा आत-बाहेर झाले, आपसात काही बोलले, मला विचारायची हिंमत झाली नाही. तक्ता वाचला नाही. प्राची दात-ओठ आवळून गप्प. मी तिला असंच वाढवलं, आरडाओरडा करायचा नाही म्हणून. तिचा चेहरा काळानिळा पडायला लागला. मी म्हटलं, शिव्या दे. ती म्हणाली, "आई, काहीतरीच काय!" मग मीच सुरुवात केली. तुमच्या यादीतली तिसरी. पहिल्या दोन मला सौम्य वाटल्या. प्राचीनं माझ्याकडे असं बघितलं की कळ विसरली. आणि मग तिनं चौथी दिली, खणखणीत. प्रीतम दाराशी होता, तो बाहेर जाऊन भिंतीला टेकून खाली बसला. तिथली नर्स उंचीपुरी, हसरी बाई. तिला भाषा कळत नव्हती, पण अर्थ कळला. टाळ्या वाजवायला लागली.

मग रक्त दिसलं. मी खाली बसले. हात सोडला नाही. माझ्या मनगटावर तिच्या नखांच्या चार खुणा आहेत.

दुपारी चारला मुलगी झाली. पावणेतीन किलो. प्राचीचा रक्तदाब आता ताळ्यावर आहे. दोघी झोपल्या आहेत.

नर्सनं विचारलं, ज्या बाईंचा सारखा फोन येतोय त्या तुमच्या कोण? विहीण या नात्याला इंग्रजीत शब्दच नाही. मी पुष्कळ शोधला आणि शेवटी म्हटलं, "माझ्या विरोधी पक्षनेत्या." ती गंभीरपणे म्हणाली, मग तर रोज बोलायलाच हवं.

गोळी वेळेवर घेता ना? नागसेनांना मी परस्पर विचारत असते, तेव्हा खोटं लिहू नका.

तुमची
सुमंगला


गंगाखेड
२७ फेब्रुवारी २०२५

इहीनबाई,

तुमी चार तारखेला परभनीत उतरनार, आन माझं विमान नऊला, माझं तिकीट प्रीतमनं पदरचं काढलंय. म्हनून हे पत्र तुमच्या घरी टाकून ठेवते.

शेवटची गोळी पंधरा जानेवारीला संपली. गुडघं दुखत्यात. दुखू दे, माझंच दुखनं हाय. नागसेननं व्यायाम सांगितलेत, म्हशीम्होरं करते. त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी सोनपेठला गेलते. त्यो पुडीवाला झाडाखाली बसलेला. मी काही भांडले न्हाई. त्याच्या शेजारी पोतं टाकून बसले, तपासनीचा कागद हातात, आन जी बाई पुडीला आली तिला माझी कहानी पहिल्यापास्नं सांगितली. तुमची चप्पल, लिंबू, समदं. वर सांगितलं, आजच बंद करू नका, आधी डाक्टरला दाखवा. संध्याकाळपतुर सतरा बाया झाल्या. पुढल्या बाजारी त्यो आला न्हाई. बाया मातर आल्या, मला हुडकत.

परवा मुंबईला लस घेतली. दंड जरासा ठनकतोय, बाकी काही न्हाई. टोचायच्या आधी एक कारकून कागद भरत हुता. नाव इचारलं, वय इचारलं, औषधं इचारली, समदं खरं सांगितलं. मग म्हनला, "आजी, प्रवासाचं कारण काय? नोकरी, व्यापार, का पर्यटन?"

मी म्हनलं, पर्यटन म्हंजे?

म्हनला, "काम नसताना नुसतं बघायला जाणं."

इहीनबाई, वीस हंगाम मी गाव सोडलं. दर साली. पन कोयता घेतल्याबिगर कधी सोडलं न्हाई. मागची मानसं म्हनायलीत, आजी, आटपा.

मग म्हनलं, लिही बाबा. पर्यटन. मोठ्या अक्षरात लिही.

कोकिळा